प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर आजार उलटेल का : जनुकीय चाचणीचा निर्णय पायरीपायरीने

कागल तालुक्यातले एक ऊसकरी शेतकरी, वय ६४, पुण्यात कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढून घेऊन परतले आणि शस्त्रक्रियेचा रिपोर्ट समजून घेण्यासाठी मुलाला बरोबर घेऊन माझ्याकडे आले. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करतो, त्यामुळे हाती आलेला रिपोर्ट घेऊन येणारी माणसे मला नवी नाहीत. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "डॉक्टर, तोडणी झाली खरी, पण ह्याचा खोडवा फुटायचा का?" इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे. त्यांच्या मुलाने मात्र मोबाइलवर एका जनुकीय चाचणीची माहिती वाचली होती आणि ती ताबडतोब करायची, पैशांचे बघू, असे त्याच्या मनाने घेतले होते. वडील आणि मुलगा दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. फक्त चाचणीच्या आधी करायच्या चार गोष्टी राहून गेल्या होत्या. त्या चार गोष्टी आणि त्यानंतरची वाट या लेखात क्रमाने मांडतो. औषधोपचाराचा निर्णय अर्थातच आपल्या यूरोलॉजिस्टने आणि कॅन्सरतज्ज्ञाने घ्यायचा आहे; त्यांच्यासमोर बसताना कोणते कागद हातात असावेत आणि कोणते प्रश्न विचारावेत, यासाठी हे लेखन आहे.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर केला पाहिजे. "जनुकीय चाचणी" या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या तपासण्या ओळखल्या जातात. पहिलीत काढलेल्या गाठीतील पेशींची तपासणी होते: त्या पेशींमध्ये कोणती जनुके जास्त काम करत आहेत आणि कोणती मंदावली आहेत, हे आरएनए, म्हणजे काम करणाऱ्या जनुकाची पेशीत तयार होणारी नक्कल, मोजून पाहतात आणि त्यावरून ही गाठ किती आक्रमक आहे याचा अंदाज बांधतात. दुसरीत रुग्णाचे रक्त किंवा लाळ घेऊन आईवडिलांकडून आलेल्या डीएनएमधील दोष शोधतात. पहिली गाठीचा स्वभाव सांगते, दुसरी घराण्याचा वारसा सांगते. आजार उलटण्याचा अंदाज प्रामुख्याने पहिलीवरून येतो. रक्ताचा नमुना देऊन आलेले आणि "आता आजार परत येणार का ते कळेल" अशा समजुतीत असलेले रुग्ण मी पाहिले आहेत, म्हणून हे आधी सांगितले.

पहिली पायरी : शस्त्रक्रियेचा रिपोर्ट पूर्ण आहे का ते पाहणे

डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी म्हणजे रिपोर्ट नव्हे. हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेल्या ऊतकाच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीचा, संपूर्ण रिपोर्ट, सही-शिक्क्यासह, मागून घ्यावा. त्यात पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत: ग्लीसन स्कोअर (पेशींची रचना किती बिघडली आहे ते सांगणारा आकडा) दोन आकड्यांत फोडून, म्हणजे ३+४ की ४+३, आणि त्याच्याशी जुळणारा १ ते ५ मधला ग्रेड ग्रुप, गाठ ग्रंथीच्या आतच होती की आवरणाबाहेर गेली होती, शुक्राशयात शिरली होती का, कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी पोचल्या होत्या का, आणि पोचल्या असतील तर किती मिलिमीटर लांबीत, किती लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या आणि त्यांतील किती बाधित निघाल्या. क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारख्या, किंवा इंट्राडक्टल, म्हणजे नलिकांच्या आत वाढणाऱ्या, पेशीरचनेचा उल्लेख असेल तर त्याखाली रेघ मारून ठेवावी. तो उल्लेख पुढे शेवटच्या पायरीवर कामाला येतो.

३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज ७ येते म्हणून ते सारखेच, असे घरच्यांना वाटते. तसे नाही. पहिला आकडा गाठीत सर्वांत जास्त आढळलेल्या रचनेचा असतो, त्यामुळे ४+३ मध्ये बिघडलेल्या रचनेचे प्रमाण अधिक असते आणि ग्रेड ग्रुप २ ऐवजी ३ होतो. स्कोअरविषयी किंवा कडेविषयी शंका वाटत असेल, तर त्याच स्लाइड प्रोस्टेटचे काम नेहमी करणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवाव्यात. कोल्हापूरचे अनेक रुग्ण यासाठी रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जातात आणि परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्लाइड दाखवून येतात. या फेरतपासणीचा खर्च जनुकीय चाचणीच्या मानाने नगण्य असतो, आणि मूळ वाचनच चुकले असेल तर त्यावर रचलेले पुढचे सगळे चुकते.

दुसरी पायरी : पीएसएची वही

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशी तयार करतात ते प्रथिन. प्रोस्टेट पूर्ण काढल्यावर रक्तातील पीएसए साधारण सहा आठवड्यांत मोजता येऊ नये इतका खाली गेला पाहिजे. चार ते आठ आठवड्यांनीही तो ०.१ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून अधिक राहिला, तर आजार उलटला असे न म्हणता पीएसए टिकून राहिला असे म्हणतात, आणि त्याचा विचार निराळा करावा लागतो. खाली गेलेला पीएसए पुन्हा चढून ०.२ झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच दिसला, तर त्याला जैवरासायनिक पुनरुद्भव म्हणण्याचा प्रघात आहे.

माझा आग्रह असा की एक साधी वही करावी. तारीख, आकडा, प्रयोगशाळेचे नाव आणि तपासणीची पद्धत, असे चार रकाने पुरेत. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण वेगवेगळ्या यंत्रांवर इतक्या लहान आकड्यांत फरक पडतो, आणि राजारामपुरीत ०.०८ आलेला पीएसए इचलकरंजीत ०.१३ दिसला म्हणून घरात रडारड झाल्याचे मी पाहिले आहे. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू असतील तर प्रयोगशाळेला सांगावे. काही पद्धतींमध्ये त्यामुळे पीएसए खोटा कमी दिसू शकतो.

वहीतून आणखी एक मोलाची गोष्ट निघते, ती म्हणजे पीएसए दुप्पट व्हायला लागणारा काळ. ०.१ चा ०.२ सहा महिन्यांत झाला असेल तर तो काळ सहा महिने, आणि दोन वर्षांत झाला असेल तर दोन वर्षे. युरोपीय यूरोलॉजी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार शस्त्रक्रियेनंतर पीएसए चढू लागलेल्या रुग्णांपैकी ज्यांचा दुपटीचा काळ एक वर्षापेक्षा अधिक आहे आणि ग्लीसन ८ पेक्षा कमी आहे, त्यांचा धोका कमी मानतात.

पीएसए चढणे आणि आजार हाडांत पसरणे यांच्यामध्ये बहुधा मोठे अंतर असते, हेही इथे नोंदवले पाहिजे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पीएसए चढल्यापासून आजार इतरत्र पसरल्याचे दिसेपर्यंत मध्यक (मीडियन) ८ वर्षे गेली होती. म्हणून कोणत्याही चाचणीविषयी ऐकताना ती नेमके कशाचे भाकीत करते, पीएसए चढण्याचे, पसरण्याचे की मृत्यूचे, हे विचारून घ्यावे. या तिन्हींना मराठीत आपण सरसकट "आजार उलटणे" म्हणतो आणि तिथेच फसगत होते.

तिसरी पायरी : फुकटातली आकडेमोड

जनुके मोजण्यापूर्वी हाती असलेल्या कागदांवरून धोका मोजता येतो. त्यासाठी काप्रा-एस नावाची ० ते १२ गुणांची पद्धत आहे. शस्त्रक्रियेपूर्वीचा पीएसए ६ पर्यंत असेल तर शून्य, ६ च्या पुढे १० पर्यंत एक, १० च्या पुढे २० पर्यंत दोन आणि २० च्या वर तीन गुण. ग्लीसन ६ पर्यंत शून्य, ३+४ ला एक, ४+३ ला दोन, ८ ते १० ला तीन. कड बाधित असेल तर दोन, आवरणाबाहेर गेला असेल तर एक, शुक्राशयात शिरला असेल तर दोन आणि लसिकाग्रंथी बाधित असेल तर एक. बेरीज २ पर्यंत आली तर धोका कमी, ३ ते ५ मध्यम आणि ६ किंवा अधिक आल्यास जास्त.

कागलच्या त्या शेतकऱ्यांचा हिशेब आम्ही माझ्या टेबलावरच मांडला. पीएसए ८.४ म्हणून एक, ग्लीसन ३+४ म्हणून एक, कड बाधित म्हणून दोन, बाकी सारे शून्य. एकूण चार, म्हणजे मध्यम. मुलाने तो कागद उचलून पुन्हा बेरीज केली. जनुकीय चाचणीतून खरी भर पडते ती अशाच मधल्या माणसांच्या बाबतीत. बेरीज एक असताना किंवा दहा असताना बहुतेक वेळा डॉक्टरांना काय करायचे ते आधीच ठाऊक असते.

चौथी पायरी : उत्तराने काही बदलणार आहे का

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे असे मी मानतो. कॅन्सरतज्ज्ञाला सरळ विचारावे: "धोका कमी निघाला तर आपण काय कराल, आणि जास्त निघाला तर काय कराल?" दोन्हीचे उत्तर एकच असेल तर चाचणीचे पैसे राखून ठेवावेत.

उत्तर वेगळे येण्याच्या जागा दोन आहेत. पहिली, पीएसए अजून शून्यवत आहे, पण कड बाधित आहे किंवा आजार आवरणाबाहेर गेलेला आहे, तेव्हा लगेच किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला "शेक देणे" म्हणतात, तो घ्यावा की पीएसएवर लक्ष ठेवून चढल्यास घ्यावा. २०२० साली रॅडिकल्स, रेव्हज आणि जेटग-१७ या रुग्णांवरच्या तीन तुलनात्मक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्रित प्रसिद्ध झाले. लक्ष ठेवून वेळेवर शेक देण्यात बहुतेकांचे नुकसान होत नाही आणि लगेच शेक दिल्याने लघवीचे त्रास मात्र वाढतात, असे त्यांतून दिसले. त्यामुळे आता सर्वांना सरसकट लगेच शेक देत नाहीत. मात्र वाट पाहणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे, पीएसए ०.५ होण्याच्या आत शेक सुरू होणे चांगले. ज्याच्या गाठीचा स्वभाव जनुकीय चाचणीत उग्र निघतो, त्याच्याबाबत ही वाट पाहण्याची मुदत डॉक्टर आखडती घेऊ शकतात.

दुसरी जागा म्हणजे पीएसए चढला आहे, शेक ठरला आहे, आणि सोबत पुरुषी हार्मोन रोखणारे औषध द्यायचे की नाही हा प्रश्न आहे. या औषधांनी अशक्तपणा, अंगातून गरम वाफा येणे, स्तनांत सूज, हाडे ठिसूळ होणे असे त्रास होऊ शकतात, म्हणून ज्याला गरज नाही त्याला ते न देणे हाही उपचाराचाच भाग आहे. आरटीओजी ९६०१ या अमेरिकी अभ्यासात ७६० पुरुषांना शेक देताना निम्म्यांना दोन वर्षे बायकॅल्युटामाइड हे असेच औषध दिले होते. पुढे त्यांच्या साठवलेल्या गाठींवर डेसिफर ही जनुकीय चाचणी (तिची माहिती पुढच्या पायरीत) केली आणि २०२१ साली निष्कर्ष आले: ज्यांचा डेसिफर गुण कमी होता, त्यांना औषधाचा लाभ उग्र गाठी असलेल्यांपेक्षा बराच कमी झाला. ७६० पैकी ३५२ जणांच्याच ऊतकातून उपयोगी निकाल हाती आला, ही बाब लक्षात ठेवावी. त्याचे कारण सहाव्या पायरीत येईल.

पाचवी पायरी : कोणती चाचणी

शस्त्रक्रियेनंतरच्या निर्णयासाठी सर्वाधिक अभ्यास झालेली चाचणी डेसिफर. ती गाठीतील २२ जनुकीय खुणांचे आरएनए मोजते आणि ० ते १ मधला एक आकडा देते. ०.४५ च्या खाली धोका कमी, ०.४५ ते ०.६० मध्यम, ०.६० च्या वर जास्त. ही चाचणी मेयो क्लिनिकमध्ये साठवून ठेवलेल्या जुन्या शस्त्रक्रियांच्या गाठींवरून बांधली गेली आणि २०१३ साली तिचा पहिला शोधनिबंध आला. ती प्रामुख्याने आजार पसरण्याचे भाकीत करते. प्रोलॅरिस ही दुसरी चाचणी पेशीविभाजनाशी निगडित ३१ जनुके पाहते, आणि ती बायोप्सीवर व शस्त्रक्रियेच्या गाठीवर अशी दोन्हींवर होऊ शकते. ऑन्कोटाइपची १७ जनुकांची प्रोस्टेट चाचणी मुळात बायोप्सीच्या तुकड्यासाठी, म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वीच्या निर्णयासाठी तयार झाली; ग्रंथी काढून झाल्यावर तिचा आग्रह धरू नये.

या चाचण्यांचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रिया झाली म्हणून हीही तीत बसेल असे गृहीत धरू नये. आधी विचारून घ्यावे. त्या मुख्यतः अमेरिकेतील आणि युरोपातील पुरुषांच्या गाठींवर पारखलेल्या आहेत, तेव्हा आपल्या माणसाच्या बाबतीत निकाल वाचताना तज्ज्ञांनी तेवढे भान ठेवायचे असते. खर्च झेपत नसेल तर पीटेन या प्रथिनाचे रंगसंस्कार, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बऱ्याच कमी पैशांत त्याच ब्लॉकवर, म्हणजे गाठीचा तुकडा जपलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर, होते. गाठीतून पीटेन नाहीसे झालेले असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढलेला असतो. हा एकटा पुरावा डेसिफरची जागा घेत नाही, पण काप्रा-एसच्या चार गुणांशेजारी ठेवल्यावर विचाराला आधार मिळतो.

सहावी पायरी : ब्लॉक

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण हे माझे रोजचे काम आहे आणि सर्वाधिक चाचण्या इथेच वाया जातात.

काढलेली ग्रंथी फॉर्मालिनमध्ये ठेवतात. फॉर्मालिन ऊतकात तासाला साधारण एक मिलिमीटर मुरते, त्यामुळे अखंड ग्रंथीला पुरेसा वेळ आणि ग्रंथीच्या दहापट तरी द्रव लागतो. लहान बरणीत कोंबलेली ग्रंथी बाहेरून पक्की दिसते आणि आतून नासते; आरएनए तर सर्वांत आधी मोडते. नंतर ग्रंथीचे काप करून ते पॅराफिन मेणात बसवतात. प्लास्टिकच्या जाळीदार कॅसेटवर पांढऱ्या मेणाचा ठोकळा आणि त्यात करंगळीच्या नखाएवढा किंवा थोडा मोठा करडा तुकडा, असा तो ब्लॉक दिसतो. कॅसेटच्या कडेला पेन्सिलीने किंवा यंत्राने नंबर लिहिलेला असतो. मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढले की ते रिबिनीसारखे एकमेकांना चिकटून बाहेर पडतात, कोमट पाण्यावर पसरतात आणि तिथून स्लाइडवर उचलले जातात. आरएनए मोजायचे ते याच कापांतून. ब्लॉक संपला की चाचणी संपली.

म्हणून पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तिथल्या पॅथॉलॉजी विभागात लेखी अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागाव्यात. रुग्णाचे ओळखपत्र, रिपोर्टची प्रत आणि नातेवाईक जात असेल तर अधिकारपत्र सोबत न्यावे. "प्रोस्टेटचे ब्लॉक द्या" एवढे म्हणून भागत नाही, कारण एका ग्रंथीचे वीस-तीस ब्लॉक असू शकतात. ज्या ब्लॉकमध्ये सर्वांत वरच्या ग्रेडची मुख्य गाठ आहे तो नेमका कोणता, हे पॅथॉलॉजिस्टकडून नंबरासह लिहून घ्यावे, आणि त्यात कॅन्सरच्या पेशी पुरेशा आहेत ना, हेही. तो एकुलता एक ब्लॉक असेल तर मूळ ब्लॉक बाहेर पाठवण्याऐवजी रंग न दिलेल्या कापांच्या स्लाइड चालतील का, हे चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेला विचारावे. परत कधी आणि कोणाकडे येणार, याची पावती घ्यावी.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. एका कुटुंबाने बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेतून ब्लॉक आणला आणि मे महिन्यात दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून ते दोन तास जेवायला थांबले. पॅराफिन ५६ ते ६० अंशांना वितळते. माझ्यापर्यंत पोचला तेव्हा मेण एका बाजूला ओघळले होते, कॅसेटवरचा नंबर पुसट झाला होता आणि तुकडा अर्धा उघडा पडला होता. मी तो पुन्हा मेणात बसवला, पण आरएनएचा दर्जा कसोटीला उतरला नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: ब्लॉक कापसात गुंडाळून लहान डबीत, डबी सावलीत, आणि डबीवर नाव व नंबर कायमच्या शाईने. फ्रिजची गरज नाही.

सातवी पायरी : निकाल वाचणे

डेसिफरचा गुण ०.६२ आला म्हणजे आजार उलटण्याची शक्यता ६२ टक्के, असा अर्थ होत नाही. तो केवळ गाठीच्या उग्रपणाचे माप आहे; शक्यतेची टक्केवारी रिपोर्टमध्ये वेगळी छापलेली असते आणि तीच पाहायची. कमी गुण म्हणजे अभयदान नव्हे, कारण कमी धोक्याच्या गटातही काहींचा आजार पसरतो, आणि जास्त गुण म्हणजे निवाडाही नव्हे. निकाल, काप्रा-एस आणि पीएसएची वही या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवूनच डॉक्टरांसमोर बसावे. तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर निर्णय सोपा होतो. विसंगती असेल तर मी पीएसएच्या चालीला अधिक वजन देतो, कारण ती आज शरीरात घडणारी गोष्ट आहे. पीएसए चढत असेल तर पीएसएमए पेट स्कॅनचा (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीचा) प्रश्नही याच बैठकीत काढावा.

आठवी पायरी : रक्ताची चाचणी आणि घरातली माणसे

आजार उच्च ग्रेडचा असेल, लसिकाग्रंथींत गेला असेल, रिपोर्टमध्ये इंट्राडक्टल किंवा क्रिब्रिफॉर्म रचना लिहिली असेल, किंवा घराण्यात प्रोस्टेट, स्तन, अंडाशय, स्वादुपिंड यांचे कॅन्सर झालेले असतील, तर वारशाने आलेल्या दोषांची चाचणी करावी. तीत बीआरसीए-१, बीआरसीए-२, एटीएम, चेक-२, पॅल्ब-२, हॉक्सबी-१३ आणि लिंच सिंड्रोमची (घराण्यात कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या वारशाची) जनुके पाहतात. बीआरसीए-२ मध्ये दोष असलेल्यांचा प्रोस्टेट कॅन्सर अधिक उग्र वागतो, त्यामुळे या चाचणीचाही पुनरुद्भवाच्या विचाराशी संबंध येतो. शिवाय पुढे आजार पसरलाच तर ओलापॅरिबसारख्या औषधांचा मार्ग तिच्यामुळे खुला होऊ शकतो. "अर्थ अनिश्चित असलेला बदल" असा शेरा आला तर त्यावर कोणताही उपचार ठरवू नये.

घराण्याचा इतिहास विचारताना आपल्याकडे वडील, काका, आजोबा यांचीच नावे पुढे येतात. आत्या, मावशी आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणी यांना कोणी विचारत नाही, आणि बीआरसीएचा सुगावा बहुधा त्यांच्याच बाजूने लागतो. दोष निघाला तर तो प्रत्येक अपत्यात, मुलगा असो की मुलगी, उतरण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलीला तो स्तनाच्या व अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका देतो. ती बातमी लेकीच्या सासरी कशी सांगायची याची भीती मला समजते. त्यासाठी जनुकीय समुपदेशकाची भेट चाचणीच्या आधीच घ्यावी, निकालानंतर नव्हे.

कागलच्या त्या कुटुंबाने पहिल्या चार पायऱ्या केल्या, पुण्याहून ब्लॉक सावलीतून आणला, आणि पीएसए दोन तपासण्यांत शून्यवत असल्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने डेसिफर तूर्त थांबवली. ब्लॉक माझ्या कपाटात आहे, त्यावर नंबर स्पष्ट वाचता येतो. चर्चेच्या ओघात त्यांच्या थोरल्या बहिणीला बारा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाल्याचे निघाले. ते त्यांनी कोणत्याच डॉक्टरला सांगितले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते रक्त द्यायला येणार आहेत आणि गडहिंग्लजहून बहीणही सोबत येते आहे.